नाव बायकांच्या यादीत, हजेरी मात्र लागत नाही

उंटावरची:

परवा एका लग्नात लांबच्या नात्यातल्या एका बाईंनी माझे दोन्ही हात धरले आणि भरल्या गळ्याने म्हणाल्या, "किती धाडसी आहेस गं तू! असं यायला हिंमत लागते." असं म्हणजे कसं, हे माझ्या डोक्यात शिरेपर्यंत जेवणं उरकत आली होती. असं म्हणजे तोंडाला काहीही न फासता, सकाळी विंचरलेल्या केसांनिशी, मोकळ्या कानांनी आणि सपाट चपलांत. यात हिंमत कणभरही नव्हती. मला जाग उशिरा आली. कानातलं एकच सापडलं, तेही माझं नव्हतं.

ओरडा मला चालतो. लहानपणापासून खातेय, अंगवळणी पडलाय. हे कौतुक मात्र झेपेना, म्हणून धागा काढतेय.

साच्यात न बसणाऱ्या बायकांवर काहीही वाचायला घ्या, दोनच नमुने भेटतात. एकीला वळण नसतं, दुसरी रणरागिणी असते. मधल्यांनी कुठे जायचं? घरच्यांनी मनापासून वळण लावलं, आम्हीही मनापासून लावून घेतलं, तरी ते लागलं नाही. मी कशाच्या विरोधात उभी नाहीये हो. मी बसलेय. ("तेही धड नाही," इति मातोश्री.)

आता बाळांचंच घ्या. खोलीत रिकाम्या हातांचे ढीगभर पुरुष असले तरी तान्हं बाळ हस्ते परहस्ते माझ्याकडेच येतं. "घे ना, घे ना, तुला सवय नको का?" मी घेते. एक हात मानेखाली, एक बुडाखाली, सगळं वाचून पाठ आहे. मग बाळ माझ्याकडे बघतं, मी बाळाकडे बघते, आणि समोरच्याने विषय काढावा म्हणून दोघंही थांबतो. बाकीच्या बायकांच्या तोंडून आपोआप "अले अले" बाहेर पडतं. माझ्या तोंडून मागच्या वेळी "काय म्हणता?" निघालं. अख्खी खोली गप्प. पण मला सांगा, ओळख ना पाळख, पहिल्या भेटीत एकदम अरेतुरे कसं करायचं? बाळाला काही वाटलं नाही. त्याने जांभई दिली आणि आमचं बरं जमलं.

दुसरं, ड्रिल. घरातलं ड्रिल माझं आहे. नवऱ्याला त्या आवाजाने डोकेदुखी होते, आणि त्याबद्दल बोलण्यानेही होते. सहाचं मेसनरी बिट (भिंतीला भोक पाडायचं, सहा मिलिमीटरचं) आणायला गेले तर काउंटरवरचा म्हणाला, "साहेबांना विचारलंत का, सहाचंच हवंय ना?" साहेब बाहेर गाडीत गाणी ऐकत होते. मी म्हटलं, रॉल प्लग (स्क्रू धरायला भोकात बसवतात तो) सहाचा आहे. त्यावर तो जरा नरमला. बिट दिलं, पण देताना कुठलं टोक भिंतीकडे करायचं तेही प्रेमाने समजावलं.

पार्लर हा तिसरा प्रांत. तिथली मुलगी माझी हनुवटी धरून चेहरा दिव्याखाली फिरवते आणि जुन्या इमारतीची पाहणी करायला आलेल्या इंजिनियरसारखी सुस्कारा सोडते. "वरच्या ओठाचं काय करायचं, मॅडम?" मी म्हटलं, काही नाही, राहू दे तिथेच. ती हसली नाही. तिच्या धंद्यात हा विनोदाचा विषय नाही.

तर सांगा, तुमची हजेरी कुठे लागत नाही? अट एकच. रडगाणं नको आणि क्रांतीही नको.

निमूट:

"काय म्हणता?" ला हापिसात फिसकन हसले. पलीकडच्या टेबलावरून विचारणा झालीये, एक्सेलमध्ये एवढं काय आहे म्हणून.

मला रडू येत नाही. म्हणजे येतं, पण वेळेवर येत नाही. मैत्रीण नोकरी सोडून चालली होती, निरोप समारंभात सगळ्या बायका ओक्साबोक्शी रडत होत्या, दोन पुरुषही. माझ्यापाशी टिश्यूचा डबा आला तो मी पुढे दिला आणि हळूच विचारलं, तिची खुर्ची आता कोणाला मिळणार? कारण त्या खुर्चीची पाठ नीट मागे जाते, माझ्या खुर्चीची अडकते. तेव्हापासून मी दगड. आठवड्याभराने रात्री भांडी घासताना तिची आठवण येऊन मी ढसाढसा रडले, पण तेव्हा साक्षीदार कोण? नळ.

(खुर्ची मिळाली.)

पावणेसहा:

माझं नाव हीच माझी कर्मकहाणी आहे. पाच फूट नऊ इंच. प्रत्येक समारंभाच्या फोटोत "मुली पुढे" अशी हाक येते, मी पुढे जाते, आणि फोटोवाला कॅमेरा खाली करून म्हणतो, "तुम्ही मागे काकांमध्ये उभ्या राहा." आमच्या सगळ्या अल्बमांत मी काकांमध्ये आहे. एकाच्याही खांद्याआड माझा चेहरा गेलेला नाही, काकांचेच गेलेत.

चपला तर पुरुषांच्याच कपाटातून घ्याव्या लागतात. उंच टाचांचा प्रश्नच नाही. घातल्या तर "तुला काय गरज?" आणि नाही घातल्या तर "जरा नीट राहत जा." त्यामुळे टाचांचा इतिहास कळला तेव्हा मला फार गार वाटलं. या टाचा मुळात इराणी घोडेस्वारांच्या. रिकिबीत पाय घट्ट रोवून उभं राहून बाण मारता यावा म्हणून. १७ व्या शतकाच्या सुरुवातीला त्या युरोपात पोचल्या आणि दरबारातल्या पुरुषांनी उचलल्या. फ्रान्सचा चौदावा लुई लाल टाचा घालून मिरवायचा. म्हणजे जी वस्तू घालत नाही म्हणून मी कमी बायकी ठरते, ती एका राजाची मिरवायची वस्तू होती. आता कोणी टाचांबद्दल बोललं की मी विचारते, घोडा कुठाय?

लोकरवाला:

पुरुषांना इथे लिहायची परवानगी आहे का? नसली तरी लिहितो.

मी विणतो. प्रवासात विणतो, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद असला की विणतो. शेजारच्या सीटवरच्या बायका आधी बघून न बघितल्यासारखं करतात, मग हमखास "टाके घट्ट पडतायत" असं सांगतात. एकीने तर हातातून सुया घेऊन एक ओळ विणूनच दिली. उत्तम होती, मोडवेना. तो मफलर अजून मधेच बारीक होतो.

पण माझी तक्रार वेगळीच आहे. मी वाकडातिकडा मफलर विणला तर लोक फोटो काढतात. माझी आई जन्मभर विणत आली, तिचा फोटो कोणी काढला नाही. मी केलं की छंद, तिने केलं की काम. आणि उंटावरचीने भोक पाडलं की साहेबांची परवानगी! मध्ययुगीन युरोपात मोजे-टोप्या विणणाऱ्यांचे संघ होते, त्यांत कारागीर पुरुष असत. उमेदवारी करून, नमुना विणून दाखवून मग मास्तर व्हायचं. तेव्हा त्यांना कोणी "अय्या, तुम्ही विणता?" म्हणत नसणार.

खिसेकापू:

+१. फक्त एवढंच सांगायला आले की लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानात मी निळा फ्रॉक मागितला तर बाईंनी दोनदा विचारलं, "मुलगीच आहे ना?" १९१८ साली अमेरिकेतल्या कपडे व्यापाऱ्यांच्या एका मासिकात छापलं होतं की गुलाबी रंग ठसठशीत, म्हणून मुलग्यांचा आणि निळा नाजूक, म्हणून मुलींचा. बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग गुलाबी देऊ?"

तळटीप:

खिसेकापू, तुमच्या नावावरून खिशांचा विषय निघणार असं वाटलं होतं. नाही निघाला, म्हणून मीच काढते. मला बायकांच्या कपड्यांतलं बाकी सगळं मान्य आहे, खिसे मान्य नाहीत. माझ्या पँटच्या खिशात चावी ठेवली तर ती अर्धी बाहेर डोकावते, आत जायला नको म्हणते.

आणि हा भास नाही. २०१८ मध्ये 'द पुडिंग' नावाच्या संकेतस्थळाने ८० जीन्सची मापं घेतली. बायकांचे पुढचे खिसे पुरुषांच्या खिशांपेक्षा सरासरी ४८ टक्के आखूड आणि साडेसहा टक्के अरुंद निघाले. पूर्वी असं नव्हतं. १७ व्या आणि १८ व्या शतकांत युरोपातल्या बायका झग्याच्या आत कमरेला नाडीने मोठ्ठे खिसे बांधायच्या आणि झग्याच्या चिरेतून हात घालायच्या. कात्री, सुयांची डबी, चाव्या, खाऊ, सगळा संसार आत. १८ व्या शतकाच्या अखेरीला अंगासरशा झग्यांची टूम आली, खिसा बाहेरून दिसायला लागला म्हणून गेला, आणि हातात इवलीशी पिशवी आली. ती पिशवी कुठेतरी विसरणं हा माझा आजचा छंद.

आता पँटचंच निघालंय तर. पॅरिसमध्ये १८०० साली हुकूम निघाला की बाईला पुरुषी पोशाख करायचा तर पोलिसांची परवानगी हवी. रोझा बॉनर ही चित्रकार घोडे, बैल रंगवायची. त्यासाठी घोडेबाजारात, कत्तलखान्यात चिखल-रक्तात उभं राहायला लागायचं. झगा घालून कसं जमणार? तिने १८५० च्या दशकात रीतसर परवाना काढला. डॉक्टरची सही, सहा महिने मुदत, संपली की पुन्हा अर्ज. वर अट अशी की नाटकाला आणि नाचाच्या मेजवान्यांना पँट घालून जायचं नाही. पुढे १८९२ आणि १९०९ मध्ये सूट मिळाली, ती हातात सायकलचं हँडल किंवा घोड्याचा लगाम असेल तर. तो हुकूम रद्दबातल असल्याचं सरकारने जाहीर केलं ते जानेवारी २०१३ मध्ये! तोवर कागदोपत्री पॅरिसमधल्या निम्म्या बायका गुन्हेगार होत्या आणि सायकलवाल्या तेवढ्या सुटत होत्या.

पावणेसहा, घोडा कुठाय हे विचारण्यात तुम्ही अगदी कायद्याला धरून आहात.

स्पष्टवक्ती:

माझं मत रुचणार नाही, तरी लिहिते.

मला मेकअप आवडतो. नखं आवडतात. बाळ दिसलं की मी तीन खोल्यांपलीकडून "अले अले" करत येते. दर काही महिन्यांनी असा एक धागा येतो, त्यात सगळ्या जणी आपल्याला काय काय जमत नाही हे लिहितात, आणि वाचून असं वाटतं की न जमणं हेच मोठं कर्तृत्व. साधेपणालाही तोरा असतो. "मी बाकीच्या बायकांसारखी नाही" हे वाक्य कोणी उघड लिहिलेलं नाही, पण ओळीओळीतून ऐकू येतंय. बाकीच्या म्हणजे मी ना?

उंटावरची:

स्पष्टवक्ती, बरं झालं लिहिलंत. तोरा मात्र मला मान्य नाही, कारण तोऱ्याला जरा तयारी लागते.

चालत्या गाडीत, खड्ड्यांतून, एका हाताने आरसा धरून डोळ्यांत काजळाची सरळ रेघ ओढणाऱ्या बायका मी पाहिल्यात. तो हात शस्त्रक्रियेला चालेल. मला ती रेघ येत नाही याचा अभिमान कसला? पण गंमत बघा. तुम्ही ती रेघ ओढली की "नटायला वेळ बरा मिळतो", आणि मी नाही ओढली की "जरा नीट राहायला काय होतं". म्हणणारी माणसं तीच, एकाच सोफ्यावर बसलेली. तुम्ही जास्त, मी कमी. बरोब्बर मापाची कोण, ती मला अजून भेटलेली नाही. भेटली तर तिला इथे घेऊन या, तिच्या खिशांची मापं घेऊ.

निमूट:

त्या सोफ्यावर माझीही माणसं आहेत.

हापिसातला एसी राहिला. सगळे पुरुष अर्ध्या बाह्यांत खूश, मी शाल गुंडाळून, "किती नाजूक गं!" २०१५ मध्ये 'नेचर क्लायमेट चेंज' या नियतकालिकात एक शोधनिबंध आला होता. इमारतीत किती गारवा ठेवायचा याचं गणित १९६० च्या दशकातलं आहे आणि त्यात शरीराची उष्णता धरलीये ती ४० वर्षांच्या, ७० किलोच्या पुरुषाची. म्हणजे आमच्या हापिसात एक अदृश्य गृहस्थ बसलेत आणि रिमोट त्यांच्याकडे आहे. रडत नाही म्हणून मी दगड, कुडकुडते म्हणून नाजूक. काहीतरी एक ठरवा बाबांनो.

स्पष्टवक्ती:

"तुम्ही जास्त, मी कमी" हे पटलं. तोऱ्याचं मत कायम. काजळ नव्हे, आयलायनर.

तळटीप:

आयलायनरवरून आठवलं. १९८३ मध्ये सॅली राइड ही अमेरिकेची पहिली महिला अंतराळवीर उड्डाणाला निघाली, तेव्हा नासाच्या इंजिनियरांनी बायकांसाठी खास मेकअपची पेटी तयार केली होती. तिने स्वतः पुढे मुलाखतीत सांगितलंय. आणि आठवड्याभराच्या सफरीसाठी तिला विचारलं, १०० टॅम्पॉन पुरतील ना? ती म्हणाली, एवढे लागत नाहीत. ते म्हणाले, नाही, असू द्यात हाताशी! चंद्रावर माणूस उतरवून परत आणणाऱ्या संस्थेतलं हे गणित. त्यांच्याकडे विचारायला घरी-दारी एकही बाई नव्हती का, हा माझा कायमचा प्रश्न आहे.

मेकअपची पेटी तयार होती. पण २०१९ च्या मार्चमध्ये दोघी जणी मिळून पहिल्यांदा अंतराळात चालणार म्हणून गाजावाजा झाला आणि ऐन वेळी बेत बदलला, कारण दोघींना मध्यम मापाचा सूट लागत होता आणि वापरायला तयार असलेला एकच होता. मग ऑक्टोबरात क्रिस्टिना कॉक आणि जेसिका मीर एकत्र गेल्या.

जुनी सायकल:

मुलींनो, मी इथली सगळ्यात म्हातारी असणार. आजी म्हणू नका, नातवंडं म्हणतात तेवढं पुरे.

उंटावरची, तुझं लिखाण आवडलं, पण "यात हिंमत कणभरही नव्हती" हे मला पटत नाही. तू उशिरा उठलीस आणि तशीच निघालीस, ही चैन आहे. ती चैन तुला करता यावी म्हणून तुझ्या आधी कोणीतरी वेळेवर उठून ओरडा खाल्लाय.

मी सायकल शिकले तेव्हा मला सांगण्यात आलं होतं की याने मुलं होणार नाहीत. झाली. त्यांना सायकल मीच शिकवली. १८९० च्या दशकात तर विलायतेतले काही डॉक्टर सांगायचे की सायकलने बायकांचा चेहरा कायमचा बिघडतो. डोळे बाहेर येतात, जबडा आवळतो. त्याला "सायकलचा चेहरा" असं नावच होतं. माझा चेहरा असाच होता, पण तो सायकलच्या आधीपासून.

धावण्याचंही तेच. १९६६ ला बॉस्टनच्या मॅरेथॉनला बॉबी गिब हिला अर्ज करूनही घेतलं नाही, बायकांना एवढं अंतर झेपत नाही म्हणून. ती झुडपात लपून बसली आणि शर्यत सुरू झाल्यावर घुसली. पुढच्या वर्षी कॅथरीन स्विट्झरने नावाची नुसती आद्याक्षरं लिहून नंबर मिळवला, तर एक अधिकारी भर रस्त्यात तिच्या अंगावरचा नंबर ओढायला धावला. धावलीस तर गर्भाशय गळून पडेल असं लोक म्हणत. रस्त्यात कुठेही सापडलं नाही. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन १९८४ ला आली. तेव्हा माझी मुलं शाळेत होती, म्हणजे फार जुनी गोष्ट नाही.

क्रांती नको ही तुझी अट मी मोडली. काढून टाकायचं असेल तर टाक.

उंटावरची:

काढून काय टाकता, हा प्रतिसाद मी घरी मोठ्याने वाचून दाखवला. "तो सायकलच्या आधीपासून" ला नवऱ्याने गाडी बाजूला घ्यावी तसं जेवण बाजूला ठेवलं.

तुमचं म्हणणं खरं. पण मग ते "धाडसी" त्यांनाच म्हणूया ना, ज्या झुडपात बसल्या. झोपून राहिलेलीला तेच बक्षीस दिलं तर झुडपातलीच्या वाट्याला काय उरलं? मला काही द्यायचंच असेल तर गजराचं घड्याळ द्या.

जुनी सायकल:

घड्याळ देते. वाजलं की उठशील याची खात्री नाही.

हातोडी:

विषयांतर. सहाचा प्लग आणि सहाचंच बिट, तरी माझा प्लग भोकात फिरतो. का?

उंटावरची:

भोक मोठं पडतंय. बिट तिरपं होतं किंवा मधे बाहेर काढून पुन्हा घालता, तेव्हा तोंड रुंदावतं. विटेची भिंत असेल तर ड्रिलचा हॅमर (ठोके देणारा भाग) बंद ठेवून सुरुवात करा, भुसभुशीत प्लास्टर गेलं की मग चालू. काँक्रीटला पहिल्यापासून हॅमर. आणि प्लगच्या लांबीपेक्षा थोडं खोल जा, नाहीतर भुकटी तळाशी बसते आणि प्लग वर राहतो.

हातोडी:

धन्यवाद. साहेबांना विचारलंत ना?

अर्धीकच्ची:

आतापर्यंत नुसती वाचत होते. माझी हजेरी स्वयंपाकघरात लागत नाही. मला येत नाही आणि सासूबाईंना आवडत नाही. हे आम्हाला एकमेकींबद्दल लग्नानंतर फार उशिरा कळलं, तोवर दोघी एकमेकींना घाबरून रोज रांधत होतो.

आता पाहुणे यायचे असले की जेवण बाहेरून येतं. मागच्या दाराने. सासूबाई ते आमच्या पातेल्यांत काढतात, एक पातेलं मुद्दाम जरासं करपवतात, ओट्यावर थोडा पसारा मांडतात. माझं काम कपाळ ओलं करून बाहेर यायचं. परवा आलेल्या एका बाईंनी बोटं चाटून पाककृती विचारली. सासूबाईंनी डोळ्याची पापणी न लववता सांगायला सुरुवात केली. मधेच त्या अडखळल्या तेव्हा मी म्हटलं, "आणि झाकण ठेवायचं नाही हं," ते का, मला माहीत नाही. बाईंनी सगळं लिहून घेतलं.

तेव्हापासून त्या घरी करून बघतायत. दर रविवारी फोन येतो. काल म्हणाल्या, सगळं तुम्ही सांगितल्यासारखंच केलं, झाकणही ठेवलं नाही, पण तुझ्या हाताची चव काही येत नाही.

पावणेसहा:

सासूबाईंना इथे सभासद करून घ्या.

लोकरवाला:

पाककृती मिळेल का?